कमी पाण्यावर फुलणारा परसातला कॉसमॉस

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या शेजारी आहे. या भागात खरिपाला तूर, उडीद, मूग, सोयाबीन आणि रब्बीला ज्वारी, हरभरा ही पिके घेतली जातात. पाऊस बेभरवशाचा, विहिरी फेब्रुवारी-मार्चनंतर तळ गाठणाऱ्या. अशा गावात फुलझाडांचा विषय काढला की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी कुठून आणायचं?" प्रश्न रास्त आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस मराठवाड्यातील कोणीही विसरलेले नाही. माणसांना आणि जनावरांना पाणी पुरल्यावर जे उरेल तेच अंगणातल्या वाफ्याला मिळणार, हे गृहीत धरूनच परसबागेची आखणी केली पाहिजे.

म्हणून या लेखासाठी कॉसमॉस निवडला आहे. गुलाब, मोगरा किंवा शेवंतीइतकी सेवा हे झाड मागत नाही. हलक्या जमिनीत येते, खत फारसे लागत नाही, पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसते आणि पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांत फुलावर येते. मात्र "काही लागत नाही" म्हणून कसेही, केव्हाही पेरले तर हेच झाड माणसाच्या डोक्याइतके उंच वाढते, वाऱ्याने आडवे पडते आणि फुले मूठभरही देत नाही. अशी तक्रार घेऊन येणारे बरेच जण असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण दोनपैकी एक निघते. एकतर वाफ्यात शेणखत किंवा युरिया जास्त पडलेला असतो, नाहीतर पेरणीची वेळ चुकलेली असते.

दोन जाती, दोन स्वभाव

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोतला. आपल्या देवघरात मानाने बसणारा झेंडू, तसेच डेलिया आणि झिनिया हीदेखील तिकडचीच फुले. मेक्सिकोतून स्पेनमधील माद्रिदच्या वनस्पती उद्यानात आलेल्या झाडांवरून कावानियेस या शास्त्रज्ञाने १७९१ मध्ये कॉसमॉस हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुव्यवस्था, नीटनेटकेपणा असा आहे. फुलाच्या पाकळ्या ज्या सारखेपणाने मांडलेल्या असतात, त्या पाहिल्या की नाव पटते. झाडाचा एकूण पसारा पाहिला तर तितकेसे पटत नाही.

आपल्याकडे दोन जाती लावल्या जातात. पहिली कॉसमॉस बायपिनाटस. हिची पाने शेपू किंवा बडीशेपेसारखी बारीक, दोऱ्यासारखी असतात. फुले गुलाबी, पांढरी, गर्द जांभळट लाल आणि मध्यभाग पिवळा. उंची सव्वा ते दीड मीटरपर्यंत जाते. थंड, कोरडी हवा हिला मानवते, म्हणून आपल्याकडे हे हिवाळी फूल समजावे. 'सेन्सेशन' हा या जातीचा सर्वांत परिचित वाण. त्याला १९३६ मध्ये अमेरिकेत उत्कृष्ट वाणाचा पुरस्कार मिळाला होता आणि आजही पाकिटांवर हेच नाव जास्त दिसते. 'सोनाटा' हा ठेंगणा वाण असून तो कुंडीसाठी चांगला आहे.

दुसरी जात कॉसमॉस सल्फ्युरिअस, म्हणजे पिवळा-नारिंगी कॉसमॉस. हिची पाने रुंद, झेंडूच्या किंवा गाजर गवताच्या पानासारखी कातरलेली असतात. ही जात ऊन आणि दमट हवा दोन्ही सोसते, त्यामुळे पावसाळ्यात व पावसाळ्याच्या शेवटी चांगली फुलते. 'सनसेट', 'डायब्लो' आणि 'कॉस्मिक ऑरेंज' हे तिचे नावाजलेले वाण आहेत. ही जात काटक आहे आणि तोच तिचा दोषही आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

बियाणे विकत घेताना पाकिटावर नुसते 'कॉसमॉस मिश्र' असे लिहिलेले असेल तर आत काय आहे ते बियांवरून ओळखता येते. दोन्हीचे बी काळपट, बारीक सुईसारखे लांबट असते. पिवळ्याच्या बियांना लांब चोच आणि टोकाला दोन काटे असतात, ते कापडाला चिकटतात. गुलाबीच्या बियांची चोच आखूड असते.

पेरणीची वेळ

कॉसमॉस हे लहान दिवसाचे झाड आहे. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की ते कळी धरण्याकडे वळते. दिवस मोठा असतो तोवर उंची घेत राहते. आपल्या अक्षांशावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सुमारे तेरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो अकरा तासांवर येतो. फरक फार वाटत नाही, पण झाडाला तेवढा पुरतो. मृगाच्या पहिल्या पावसावर पेरलेले झाड आधी दोन-अडीच महिने लाकूड करते आणि मग फुलते. तेच झाड ऑगस्ट-सप्टेंबरात पेरले तर कमरेइतक्या उंचीवरच कळ्यांनी भरते. शेवंती उत्पादक रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात आणि काळे कापड झाकून तो अलीकडे आणतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

या गुणाचा एक परिणाम जळकोटसारख्या महामार्गावरच्या गावात लक्षात ठेवण्याजोगा आहे. घरासमोर पथदिवा असेल, ढाब्याचा मोठा दिवा रात्रभर जळत असेल किंवा ओट्यावरचा बल्ब वाफ्यावर सरळ पडत असेल तर त्या कडेची झाडे उशिरा फुलतात. अशा वेळी खत किंवा औषध शोधत बसू नये. वाफा घराच्या दुसऱ्या अंगाला घ्यावा, म्हणजे झाले. मात्र तेथे दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. लिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत कॉसमॉस बारीक, लांबट होतो आणि कलतो.

सणावाराच्या हिशेबाने सांगायचे तर पिवळा कॉसमॉस नागपंचमीच्या आधी चार-आठ दिवस पेरावा. ५० ते ६० दिवसांत तो फुलावर येतो, म्हणजे घटस्थापनेच्या सुमारास पहिला बहर हाती लागतो. तुळजापूरच्या नवरात्रात या भागात फुलांचे भाव वाढलेले असतात. घरच्या पूजेपुरती फुले परसात निघाली तर तेवढाच खर्च वाचतो. गुलाबी कॉसमॉस गणपती बसतात त्या दिवसांत पेरावा, तो दिवाळीच्या आगेमागे फुलू लागतो. दुसरी पेरणी हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर करावी. तिची फुले डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत मिळतात आणि माझ्या मते आपल्या भागात हीच पेरणी सर्वांत भरवशाची आहे. पाऊस गेलेला असतो, ऊन सौम्य असते, पाण्याची गरज कमी असते. नोव्हेंबरअखेरच्या पेरणीत थंडीमुळे वाढ मंद राहते आणि झाडे खुजी असतानाच फुलतात. जानेवारीनंतर पेरू नये. मार्चच्या उन्हात गुलाबी जात टिकत नाही आणि पिवळीला पाणी लागते, जे तेव्हा आपल्याकडे नसते.

जमीन व वाफा

आपल्याकडे दख्खनच्या काळ्या कातळापासून बनलेली जमीन आहे. माळावर मुरमाड व उथळ, ओढ्या-नदीकाठी काळी व खोल. कॉसमॉसला यातली पहिली जमीन आवडते. ज्वारीसाठी जी जमीन बरड म्हणून आपण नाके मुरडतो, तीत कॉसमॉस मजेत वाढतो. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असल्यास उत्तम. थोडी चुनखडी असली तरी निभावते. पांढरट चुनखडी जास्त असेल तर पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हा लोहाच्या कमतरतेचा प्रकार आहे.

खोल काळ्या जमिनीत अडचण वेगळी असते. ती पाणी धरून ठेवते आणि कॉसमॉसच्या मुळाशी पाणी थांबले की दोन-तीन दिवसांत झाड मलूल होते. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) पट्ट्यात जी अतिवृष्टी झाली, तशा पावसात सपाट वाफ्यातले कॉसमॉसचे झाड वाचणे कठीण. म्हणून काळ्या जमिनीत जमिनीपासून एक वीत उंच गादीवाफा करावा आणि मातीत तिसरा हिस्सा बारीक मुरूम किंवा नदीची वाळू मिसळावी. मुरमाड जमिनीत सपाट वाफा चालतो.

परसबागेसाठी तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद असा एक वाफा पुरे. त्यात मुरमाड जमीन असेल तर चांगले कुजलेले शेणखत एक पाटी मिसळावे. काळ्या जमिनीत तेही नको. युरिया, डीएपी, कोंबडीखत यांपैकी काहीही घालू नये. नत्र जास्त झाले की कॉसमॉस पालेदार, मऊ खोडाचा होतो, कळी लांबते आणि मावा लगेच चढतो. उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेले झाड पाहिले असेल तर ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. आठ फुटांचे हिरवेगार झाड आणि शेंड्याला चार फुले. आपल्या शेतकऱ्याचा हात खताच्या बाबतीत सढळ असतो. ज्याला आपण जीव लावतो त्याला खाऊ घालावेसे वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण या झाडाला उपाशी ठेवणे हीच त्याची सेवा.

पेरणी आणि रोपे

१ ग्रॅममध्ये गुलाबी कॉसमॉसच्या साधारण दीडशे ते दोनशे बिया येतात. वर सांगितलेल्या सहा चौरस मीटरच्या वाफ्यात ४५ बाय ३० सेंमी अंतराने चाळीस-पंचेचाळीस झाडे बसतात, त्यामुळे १ ग्रॅम बी भरपूर झाले. ठेंगण्या वाणासाठी दोन्ही बाजूंनी ३० सेंमी अंतर ठेवावे. वाफसा आल्यावर ओळीत, एका ठिकाणी दोन-तीन बिया टाकून वर अर्धा ते एक सेंमी माती लोटावी. खोल पुरलेले बी उगवत नाही. मुंग्या बी ओढून नेतात, त्यासाठी वाफ्याच्या कडेने राखेची रेघ ओढावी. झारीने हलके पाणी द्यावे. पाच ते दहा दिवसांत उगवण होते.

थेट पेरणी हीच चांगली. रोपे करून लावायची असतील तर चार खरी पाने आल्यावर, साधारण तीन आठवड्यांच्या आत, संध्याकाळी लावावीत. फूटभर वाढलेले रोप उपटून लावले तर ते आठ-दहा दिवस मान टाकून राहते. कुंडीत घ्यायचे असल्यास दहा-बारा इंची कुंडी, ठेंगणा वाण आणि बुडाला भोक मोकळे असलेले पाहावे. पत्र्यावर किंवा स्लॅबवर उघड्या ठेवलेल्या कुंडीला मात्र दररोज पाणी लागते, तेव्हा पाणी वाचवण्याचा हेतू असेल तर कुंडीच्या नादी लागू नये.

या टप्प्यावर एक सावधगिरी. पिवळ्या कॉसमॉसचे कोवळे रोप आणि गाजर गवताचे कोवळे रोप यांत खुरपताना हमखास गोंधळ होतो. कॉसमॉस उपटला जातो आणि गाजर गवत राखले जाते! ओळखण्याची खूण सोपी आहे. कॉसमॉसची पाने खोडावर समोरासमोर, जोडीने येतात. गाजर गवताची पाने एकाआड एक असतात, सुरुवातीला जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि त्यांवर पांढरट लव असते. गाजर गवत फुलावर येण्याआधी हातात पिशवी किंवा मोजे घालून मुळासकट काढावे. त्याने अंगाला खाज सुटते.

रोपे वीतभर झाली की प्रत्येक ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत. उंची २० ते २५ सेंमी झाल्यावर शेंडा खुडावा. त्यामुळे बाजूचे फुटवे येतात, झाड ठेंगणे व पसरट राहते आणि फुलांची संख्या वाढते. फुलोरा मात्र आठवडा-दीड आठवडा पुढे जातो. म्हणून नवरात्रासाठी पेरलेल्या वाफ्यात पेरणीला उशीर झाला असेल तर शेंडा खुडू नये.

उंच वाणांना आधार द्यावा लागतो. त्यासाठी बाजारातून काही आणण्याचे कारण नाही. मागच्या हंगामातल्या तुराट्या वाफ्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये रोवून गुडघ्याच्या व कमरेच्या उंचीवर सुतळीचे दोन पदर फिरवावेत. झाडे त्या सुतळीत एकमेकांना धरून उभी राहतात. हे काम झाड आडवे पडण्याआधी करायचे असते, पडल्यावर बांधलेले खोड बहुधा मोडते.

पाण्याचा हिशेब

१ चौरस मीटर जागेला १ सेंमी खोल पाणी द्यायचे म्हणजे १० लिटर लागते. सहा चौरस मीटरच्या वाफ्याला हिवाळ्यात आठवड्याला २ सेंमी, म्हणजे १२० लिटर पाणी पुरते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी एक पंधरा लिटरची बादली आंघोळीला वापरली तर रोज ७५ लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. याचा अर्थ आठवड्यातील दोन दिवसांच्या आंघोळीच्या पाण्यावर हा वाफा जगतो आणि वेगळे पाणी आणावे लागत नाही. मोरीचे तोंड वाफ्याच्या दिशेने वळवून मध्ये एक वाळू-खडीचा लहान खड्डा ठेवला की साबणाचा साका तिथे अडतो.

यात एक पथ्य आहे. कपडे धुतलेले पाणी वाफ्यात सोडू नये. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात आणि आपल्या काळ्या जमिनीत ते साठत गेले की जमीन चोपण होते. वर पापुद्रा धरते, पाणी मुरत नाही, भेगा कडक होतात. एका हंगामात हे दिसत नाही, दोन-चार वर्षांत दिसते, आणि मग तिथे फुलेच काय, मेथीही येत नाही. भांड्यांचे खरकटे पाणी खड्ड्यातून गाळून चालेल. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी खारट असते, तेही सलग देऊ नये.

सोयाबीनचे किंवा तुरीचे भुसकट दोन बोटे जाडीने वाफ्यावर पसरले की ओल टिकते आणि खुरपणी कमी होते. भुसकट खोडाला टेकू देऊ नये. पावसाळ्यात पिवळ्या कॉसमॉसला वरचे पाणी बहुतेक लागत नाही. पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला तरच एखादे द्यावे. दुपारी पाने थोडी लवली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर पाणी देण्याची घाई करू नये. सकाळीही लवलेलीच दिसली तर द्यावे.

कीड व रोग

या झाडावर कीड-रोग कमी येतात. येणाऱ्यांत मावा मुख्य. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळीच्या देठावर काळसर-हिरवे पुंजके दिसतात. सुरुवातीला ते शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले तरी पुरे. वाढला तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरच्या वाफ्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून १ लिटर करावे आणि त्यात चिमूटभर साबणाचा चुरा टाकावा. फवारणी संध्याकाळीच करावी, कारण दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. डिसेंबर-जानेवारीत पानांवर पांढरी भुरी येते. झाडे दाट असतील तर आधी विरळ करावीत. भुरी वाढत असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक २ ग्रॅम प्रतिलिटर या प्रमाणात ऊन कमी असताना फवारावे.

एका रोगाकडे दुर्लक्ष करू नये. फुलाच्या जागी हिरव्या पानांसारखा गुच्छ येतो, झाड खुरटते, बारीक फुटवे दाटीने निघतात. तिळातला पर्णगुच्छ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ओळखू येईल. हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि त्यावर औषध नाही. झाड दिसताच मुळासकट उपटून जाळावे.

फुले व बी

फूल अर्धवट उमललेले असताना भल्या सकाळी, लांब देठासह कापावे आणि लगेच पाण्यात ठेवावे. चार-पाच दिवस राहते. हारासाठी कॉसमॉस निरुपयोगी आहे. पाकळ्या दोऱ्यात ओवल्या की दुपारपर्यंत गळतात. त्यामुळे तुळजापूरच्या बाजारासाठी फुलशेती करायची असेल तर झेंडू, गलांडा, शेवंती हीच पिके घ्यावीत. कॉसमॉस विकून पैसे होतील असे कोणी सांगितले तर त्याच्याकडून आधी गिऱ्हाईकाचे नाव विचारून घ्यावे.

त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. उघड्या, सपाट फुलात मकरंद आणि पराग सहज मिळत असल्याने सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिन्ही मधमाश्या त्यावर येतात. परसातल्या भोपळा, दोडका, काकडी या वेलांना मादी फुले असूनही फळ धरत नाही, ही तक्रार बहुधा मधमाश्यांच्या अभावाची असते. अशा वेलांजवळ गुलाबी-पांढऱ्या कॉसमॉसची एक ओळ असावी. मावा खाणाऱ्या अळ्या ज्या सिरफिड माशीच्या असतात, ती माशीही या फुलांवर पोट भरते. म्हणून कॉसमॉस लावल्याने करडईवरचा मावा जाईल, असे मात्र समजू नये. शेतातल्या किडीला एवढ्याशा वाफ्याने फरक पडत नाही.

सुकलेली फुले दर दोन-तीन दिवसांनी खुडत राहिली तर बहर सहा-आठ आठवडे चालतो. बी धरू दिले की झाड थकते. पहिला बहर संपल्यावर पिवळ्या कॉसमॉसचा वरचा तिसरा हिस्सा छाटून एक पाणी दिले की पुन्हा फुटवे येऊन दुसरा बहर मिळतो.

बियाण्यासाठी चार-पाच निरोगी झाडे राखून ठेवावीत. बोंड तपकिरी होऊन बिया चांदणीसारख्या पसरू लागल्या की सकाळच्या दवात, बी झडण्याआधी तोडून घ्याव्यात. सावलीत आठवडाभर वाळवून कापडी पिशवीत किंवा कोरडी राख घातलेल्या बाटलीत ठेवाव्यात. दोन-तीन वर्षे उगवणशक्ती टिकते. पेरणीआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासावी. कॉसमॉसमध्ये परपरागीभवन होते, म्हणून मिश्र रंगाच्या वाफ्यातून पांढऱ्या फुलाचे बी धरले तरी पुढच्या वर्षी फुले पांढरीच येतील असे नाही. एकच रंग हवा असेल तर त्या वाफ्यात दुसऱ्या रंगाची झाडे कळीतच काढावी लागतात.

पिवळा कॉसमॉस कुंपणाच्या आत

पिवळ्या कॉसमॉसविषयी जे पुढे लिहीन म्हटले होते ते हे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेने पावसाळा सरताना पिवळ्या-नारिंगी फुलांचे जे ताटवे दिसतात, त्यांतले बरेच या कॉसमॉसचे असतात. बागेतून निसटलेले बी तिथे दरवर्षी आपोआप उगवते. छायाचित्रांत ते सुंदर दिसते आणि लोक त्याला सोनकी समजतात. सोनकी ही सह्याद्रीतली आपली रानफुलाची जात आहे. कॉसमॉस हा पाहुणा. जिथे कॉसमॉसची दाटी होते तिथे खालच्या गवताला आणि स्थानिक रानफुलांना जागा उरत नाही. निसर्ग अभ्यासक याविषयी सावध करत आले आहेत.

आपल्याकडे अजून तशी स्थिती आलेली नाही आणि येऊ नये. पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांवर आपली गुरे, शेळ्या-मेंढ्या जगतात. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य अशाच गवती माळासाठी राखलेले आहे. काटे असलेले बी गुरांच्या अंगाला, मेंढीच्या लोकरीला, माणसाच्या धोतर-साडीला चिकटून माळापर्यंत सहज जाते. गाजर गवताने आपल्या बांधांचे आणि गायरानांचे काय केले हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. पिवळा कॉसमॉस तितका घातक नाही, पण माळावर एकदा बसला की त्याचे बी दरवर्षी मातीत साठत जाते आणि खुरप्याने ते संपत नाही.

तेव्हा पिवळा कॉसमॉस लावायचा तर घराच्या कुंपणाच्या आत, गुरांच्या वाटेपासून दूर लावावा. बांधावर, ओढ्याकाठी, पाझर तलावाच्या भरावावर किंवा नळदुर्ग किल्ल्याच्या परिसरात त्याचे बी टाकू नये. पावसाळ्याच्या तोंडाला शाळा आणि मंडळे मातीचे बीजगोळे करून माळावर टाकतात. त्या गोळ्यांत बोर, बाभूळ, कडुनिंब, हिवर असे स्थानिक झाडांचे बी घालावे, फुलझाडांच्या पाकिटातले बी घालू नये. वाफ्यातली बी धरलेली झाडे झडण्याआधी काढून त्यांचा ढीग जाळावा. उकिरड्यात टाकली तर पुढच्या वर्षी शेणखताबरोबर ती शेतात जातील. वाफ्याबाहेर उगवलेली रोपे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उपटावीत. एवढी देखरेख जमणार नसेल तर पिवळी जात घेऊच नये. गुलाबी-पांढरी जात हिवाळ्यात फुलते, उन्हाळ्यात वाळते आणि कोरड्या हवेच्या आपल्या भागात ती सहसा बाहेर पसरत नाही. तरीही तिचे बी खुडून घेण्याची सवय ठेवलेली बरी.

ज्यांना या हिवाळ्यासाठी पेरणी करायची आहे त्यांनी गणपतीच्या दिवसांत वाफा तयार ठेवावा, हस्ताच्या पावसाचा अंदाज घ्यावा आणि पाऊस लांबला तर थेट ऑक्टोबरच्या मध्यावरच बी टाकावे. गेल्या वर्षीचे बी असेल तर वीस बियांची तपासणी आताच करून घ्यावी. निम्म्याहून कमी उगवल्या तर एका ठिकाणी तीनऐवजी पाच बिया टाकाव्यात.